दुधाची पिशवी, मटार आणि २८० रुपयांचा जेल पॅक

मागच्या जूनमध्ये मेडिकलमधून मुरगळलेल्या पायाला गार लावायचा एक निळा जेल पॅक आणला. २८० रुपये, सोबत चिकटपट्टीचा पट्टा. खरं तर त्याच्याबद्दलच लिहायला बसले होते. पण तो आता या जगात नाही, आणि त्याच्या जागी घरच्या घरी जे उद्योग केले त्यांचीच हकीकत मोठी आहे. म्हणून त्याला थोडक्यात आटोपते आणि बाकीच्यांकडे वळते.

मी धाराशिव जिल्ह्यात कळंब तालुक्यातल्या एका खेड्यात मुलींना खो-खो शिकवते. आमच्याकडं हा खेळ पोरींच्या अंगात आहे. आपल्याच जिल्ह्यातल्या सारिका काळेंना २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळाला, आणि २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला पहिला विश्वचषक झाला तो भारताच्या पोरांनी आणि पोरींनी, दोघांनीही जिंकला. त्या आठवड्यात माझ्याकडं पाचवीतल्या सुद्धा पोरी ‘मॅडम, मला घ्या’ म्हणत आल्या. पोरी वाढल्या तसे मुरगळलेले घोटे वाढले. मैदान काळ्या मातीचं. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात बोट जाईल अशा भेगा. आम्ही टँकरचं पाणी मारून, रोलर फिरवून त्या बुजवतो, पण खांबाजवळची जागा उखडतेच. पळणारी पोर खांबाला वळसा घालते, पाय आत मुडपतो, आणि बाहेरच्या घोट्याखाली बघता बघता लिंबाएवढी सूज येते.

शाळेत फ्रीज नाही. माझं घर ११ किलोमीटरवर. घरी एकदारी फ्रीज, त्याचा बर्फाचा कप्पा म्हणजे एक शहाबादी फरशी मावेल एवढा, आणि वीज कधी जाईल याचा भरवसा नाही. हे आधीच सांगते, कारण बर्फाच्या पॅकबद्दल जे जे वाचायला मिळतं ते मोठ्या दोनदारी फ्रीजवाल्यांनी लिहिलेलं असतं. त्यांच्या फ्रीजरमध्ये शून्याखाली १८ अंश असतात. माझ्या कप्प्यात कुल्फी सुद्धा मनापासून घट्ट होत नाही.

तर जेल पॅक. चांगला होता, खोटं कशाला बोलू. माझ्या कप्प्यात तो दगड होत नव्हता, मऊ राहायचा, घोट्याला छान गुंडाळला जायचा. वाईट एवढंच की मैदानावर पोचेपर्यंत त्यातला अर्धा गारवा रस्त्यानं सांडलेला असायचा, आणि एकदा वापरला की पुन्हा गार व्हायला दुसरा दिवस. एका सामन्यात दोन पोरी पडल्या तर दुसरीनं काय करायचं? एक दिवस एक पोर त्याच्यावर बसली आणि तो शिवणीत फुटला. दुकानदार म्हणाला, ‘मॅडम, असल्या वस्तूला गॅरंटी नसती.’ नसेल. पाचपैकी तीन गुण देते, आणि त्यातला एक त्या पट्ट्याला. पट्टा अजून वापरते.

मग घरचे प्रयोग सुरू झाले.

पहिला, सगळे सांगतात तो स्पिरिटचा. मेडिकलमध्ये सर्जिकल स्पिरिट मिळतं. एक वाटी स्पिरिट, दोन वाट्या पाणी, झिपच्या पिशवीत भरायचं, हवा काढायची, दुसऱ्या पिशवीत घालायचं आणि रात्रभर ठेवायचं. स्पिरिट स्वतः गोठत नाही आणि पाण्यालाही पुरतं गोठू देत नाही, म्हणून आत बर्फाच्या गोळ्यासारखा भुगा व्हायला पाहिजे. माझ्या कप्प्यात सकाळी नुसतं गार पाणी. मग तीन वाट्या पाणी केलं, तेव्हा जरा रवाळ झालं. एकदारी फ्रीजवाल्या बायांनो, एकास तीन, लक्षात ठेवा. पॅक म्हणून उत्तम. पण दोन गोष्टी. एक, पिशवी गळली आणि पोरीचा गुडघा सोललेला असला तर ती जी किंकाळी फोडते ती पाटलाच्या वाड्यापर्यंत जाते. दोन, स्पिरिट पेट घेतं. माझा फ्रीज स्वयंपाकघरात, गॅसपासून चार हातांवर. घरात लहान लेकरू असलं तर तिसरी गोष्ट पण आहे, पिशवीतलं पाणी बघून त्याला तहान लागायची. मी दोन महिन्यांनी बंद केलं.

भांडी घासायच्या लिक्विडचा पॅक पण केला. ते गार झाल्यावर जेलसारखंच दाट होतं, आगीची भीती नाही. पण तो फुटला त्या दिवशी फ्रीज पुसता पुसता संध्याकाळ झाली, आणि तीन दिवस बर्फाच्या पाण्याला लिंबाचा वास. पुढं बोलायलाच नको.

माझ्या जावेनं सांगितलं की मोज्यात ज्वारी भरून फ्रीजमध्ये ठेव. दिसायला झकास, घोट्यावर बसतं पण छान. पाच-सहा मिनिटांत कोमट. कारण साधं आहे. बर्फ गार ठेवतो तो नुसता गार असतो म्हणून नाही, वितळतो म्हणून. एक ग्रॅम बर्फाचं पाणी व्हायला ८० कॅलरी उष्णता लागते, आणि त्याच पाण्याचं तापमान एक अंशानं वाढायला फक्त एक. म्हणजे बर्फ वितळताना पायातली जेवढी ऊब ओढून घेतो, तेवढ्या उबेनं तेच पाणी शून्यावरून ८० अंशांपर्यंत तापलं असतं. ज्वारी कोरडी, तिच्यात वितळायला काय आहे? तीच ज्वारी तव्यावर गरम करून मानेला शेकायला मात्र बेस्ट.

मटारचं तसं नाही. मटार म्हणजे बरंचसं पाणीच. जानेवारीत स्वस्त असतात तेव्हा आमच्या सासूबाई पाच-सहा किलो सोलून ठेवतात. त्यातली एक पिशवी मी पळवली. दाणे सुटे राहतात, हाडाच्या उंचवट्याभोवती स्वतःच जागा करून घेतात, आणि जेल पॅकपेक्षा जास्त वेळ टिकतात. एकच अडचण, वितळलेले आणि परत गोठवलेले मटार खायचे नसतात. हे मला माहीत होतं, सासूबाईंना नव्हतं. नववीतल्या तीन पोरींच्या घोट्यांना लावून झालेले मटार एका रविवारी पुलावात आले. मी ताटावर बसल्यावर ओळखले, सुरकुत्यांवरून. कुणाला काही झालं नाही, पण मी त्या दिवशी पुलाव वाढून घेतला नाही आणि कारणही सांगितलं नाही.

आता एक प्रयोग जो आमच्याच भागात सुचावा. रस्त्यावरच्या मॅचमध्ये पिशवी दाबली की गार होणारे जे झटपट पॅक मिळतात, त्यांत काही ठिकाणी युरियाच असतो. युरिया पाण्यात विरघळताना पाण्यातली उष्णता ओढून घेतो. आमच्या भावकीत कुणाच्या ओसरीवर ४५ किलोचं पोतं नाही? माठातलं पाणी घेतलं, दोन मुठी युरिया टाकला, पिशवीचं तोंड बांधून हलवलं. खरंच हात झोंबेल इतकं गार झालं, पोरींना जादू वाटली. आठ-दहा मिनिटं टिकलं. २०१५ पासून आपल्याकडच्या युरियाला कडुनिंबाचा लेप असतो, त्यामुळं मैदानभर निंबोळीसारखा वास. अगदीच काही नसेल तर करून बघा, दुहेरी पिशवीत, जखमेपासून लांब, आणि नंतर हात धुवा. दिरांनी मात्र ‘खताला रांगा लागायल्यात अन् तुम्ही पोरींच्या पायावर टाकायलाव’ असं ऐकवलं. त्यांचं बरोबर होतं.

आणि एक मूर्खपणा. पॉट आइस्क्रीम करताना बर्फात खडेमीठ घालतात ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. मीठ घातलेला बर्फ शून्याच्या कितीतरी खाली जातो, भरपूर मीठ असेल तर २१ अंशांपर्यंत. मला वाटलं, जितकं गार तितका गुण. माझा उजवा गुडघा जुना दुखणेकरी आहे, खेळायच्या दिवसांपासूनचा. मीठ-बर्फाची पिशवी, मध्ये पातळ ओढणी, वीस मिनिटं. आधी गार, मग चुरचुर, मग ठणका, मग बधिर. बधिर झालं तेव्हाच काढायला हवं होतं, पण मी मोबाइल बघत बसले होते. संध्याकाळी फोड आला. भाजल्यासारखा. रुपयाएवढा तपकिरी डाग चार महिने गुडघ्यावर होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की हे भाजणंच आहे, फक्त उलट्या बाजूनं. तेव्हापासून आमच्याकडं मिठाला मैदानावर बंदी. मोठ्या फ्रीजरमधून काढलेला जेल पॅक पण असाच वागू शकतो, त्याच्याखाली टॉवेलची जाड घडी पाहिजे. वितळता बर्फ असं करत नाही. त्यात पाणी आहे तोवर तो शून्याच्या खाली जातच नाही, ही त्याची सगळ्यात मोठी सज्जनता.

आणि म्हणून जिंकली ती दुधाची पिशवी.

अर्ध्या लिटरची दुधाची पिशवी कोपऱ्याला बारीक कापायची, धुवायची, वाळवायची. बाजारातल्या झिपच्या पिशव्यांपेक्षा ही जाड, फुटता फुटत नाही, आणि फुकट. तिच्यात मूठ-दोन मूठ बर्फाचा चुरा आणि अर्धा पेला पाणी. पाणी विसरायचं नाही. नुसते खडे घातले तर ते टोचतात आणि कातडीला जागोजागी टेकतात, मधल्या जागा कोरड्या राहतात. पाणी घातलं की पिशवी घोट्याला मिठी मारते. तोंडानं हवा ओढून घ्यायची, पिळा देऊन रबर लावायचं. ओला करून पिळलेला पंचाचा तुकडा कातडीवर, त्यावर पिशवी, त्यावर क्रेप बँडेज. घट्ट नाही, बोट आत जाईल इतकं. पाय दप्तरांच्या ढिगावर, छातीपेक्षा उंच, आणि पोर सावलीत आडवी. पंधरा मिनिटं. मग काढायचं, दोन तासांनी पुन्हा. पहिले दोन दिवस असं. पाचपैकी पाच.

चुरा कुठून आणायचा, ही आमच्यासाठी खरी परीक्षा. घरच्या ट्रेचे खडे मी पंचात गुंडाळून वरवंट्यानं ठेचते, पण ते एका पोरीपुरतेच. उन्हाळ्यात रसवंतीवाला आहे. फेब्रुवारी लागला की आमच्या फाट्यावर उसाच्या रसाची गाडी उभी राहते, घुंगरं वाजायला लागतात. त्याच्याकडं पोत्यात गुंडाळलेली लादी असते. दहा रुपयांत तो मला अर्धी दुधाची पिशवी भरून फोडून देतो, कधी कधी पैसे पण घेत नाही, त्याची पुतणी माझ्या संघात आहे. त्याहून सरस म्हणजे गोळेवाला. त्याच्या रंध्यावर निघणारा कीस जगात तोड नाही असा, पिठासारखा, घोट्याला लेप दिल्यासारखा बसतो. येरमाळ्याच्या यात्रेत चैत्री पौर्णिमेला गोळ्याच्या गाड्या एकापाठोपाठ एक उभ्या असतात, त्याच सुमारास आमचं उन्हाळी शिबिर सुरू होतं. मी एका गोळेवाल्याला म्हणाले, रंग नको, काडी नको, नुसता कीस द्या, पिशवीत. त्यानं माझ्याकडं असं बघितलं की काय सांगू. बर्फाच्या रंगाबद्दल थोडं: २०१८ पासून महाराष्ट्रात खायचा नसलेल्या बर्फात निळा रंग घालायचा नियम आहे. पायाला निळा चालतो. पण उरलेला पोरी चघळतात, म्हणून मी पांढराच मागते.

नेण्यासाठी थर्माकोलचं खोकं. इन्शुलिन वगैरे औषधं त्यात येतात आणि मेडिकलवाले ती खोकी मागच्या दाराला टाकून देतात. मागितलं की मिळतं. त्यात वर्तमानपत्र कोंबून, झाकणाला चिकटपट्टी लावून नेलं तर एप्रिलच्या उन्हात सुद्धा दुपारपर्यंत बर्फ राहतो.

दुसरा नंबर चहाच्या कागदी कपांना. कपात पाणी गोठवायचं, वरची कड सोलून टाकायची, खालचा कागद हातात धरायचा, आणि उघडा बर्फ दुखऱ्या जागी गोल गोल फिरवायचा. थांबवायचा नाही, एका जागी टेकवून ठेवायचा नाही, पाच-सात मिनिटांत बधिर झालं की बास. नडगी दुखणाऱ्या पोरींना हा फार मानवतो. टपरीवाल्याकडून २५ कप आणले होते, अजून पुरतायत. पण घोट्याच्या मोठ्या सुजेला हा कमी पडतो.

टीव्हीवर बघून पोरींना स्प्रे पाहिजे असतो. मागच्या वर्षी एका पालकांनी आणून दिला. फवारल्यावर वरची कातडी गार होते, पोर उठून उभी राहते, सगळे टाळ्या वाजवतात. आत खोलवर काही पोचत नाही. उभी राहिली म्हणून बरी झाली असं समजून पळवली तर वाट लागते. तो डबा माझ्या कपाटात आहे.

आता आजी. डिसेंबरमध्ये तालुक्याच्या सामन्यात नववीतली एक पोर दुसऱ्या डावात पडली. पिशवी बांधून घरी सोडायला मीच गेले. ओसरीवर तिची आजी.

‘ओ बाई, लेकराच्या पायाला बर्फ कशाला लावायलाव? रगत गोठंल की. मिठाची पुरचुंडी करून शेक द्या चांगला, अन् मी चोळून देती.’

‘आजी, आज अन् उद्या शेकू नका. चोळू तर बिलकूल नका. आत फुटलंय, शेकलं की अजून सुजंल.’

‘आमच्या टायमाला काय फ्रीज हुते का?’

‘नव्हते. म्हणून तर तुमचा पाय अजून वाकडा पडतो, तुम्हीच सांगितलेलं.’

आजी हसल्या. मग तोडगा निघाला: दोन दिवस बर्फ माझा, तिसऱ्या दिवसापासून आंबेहळद-तुरटीचा लेप आजीचा, कोमट, कढत नाही. मला त्यात कमीपणा वाटला नाही. आपल्याकडं दुखलं की शेक हा हात आपोआप जातो. बर्फ म्हणजे सर्दी, बर्फ म्हणजे वात. ते मोडायला भाषणं देऊन उपयोग नाही, दोन दिवस मागून घ्यायचे.

आणि खरं सांगायचं तर बर्फाची बाजू मी पण डोळे झाकून घेत नाही. आराम, बर्फ, दाब आणि पाय उंच, हे चौकडीचं सूत्र अमेरिकेतल्या डॉ. गेब मर्किन यांनी १९७८ साली मांडलं. आमच्या बी. पी. एड.ला, म्हणजे क्रीडाशिक्षकाच्या पदवीला, ते पाठ करून घ्यायचे. त्याच मर्किन यांनी २०१४ साली लिहिलं की बर्फ आणि पूर्ण आराम यांनी भरून येणं लांबूही शकतं, कारण सूज हा शरीराच्या दुरुस्तीचाच भाग आहे. त्यामुळं मी आता पोरींना सांगते, बर्फ दुखणं कमी करायला. पाय लवकर बरा होईल असं वचन नाही. दुखणं कमी झालं की रात्री झोप लागते, आणि दोन-तीन दिवसांनी हळूहळू पाय हलवायला लागायचं, खाटेवर पडून राहायचं नाही.

म्हणूनच पॅक जोखायचा कसा याचं माझं माप छोटं आहे. घोट्याला नीट चिकटतो का, पंधरा मिनिटं टिकतो का, आणि कातडी जाळत नाही ना. त्याच्या पलीकडं महागडा पॅक कुठलाही चमत्कार करणार नाही.

कुणाला लावू नये ते पण सांगून ठेवते. मधुमेहानं ज्यांच्या पायाची जाणीव गेलीय त्यांना नाही, त्यांना जळतंय हे कळणारच नाही. थंडीत ज्यांची बोटं पांढरी-निळी पडतात त्यांना नाही. उघड्या जखमेवर नाही. आणि गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, जरा खाली, हाडाचा एक उंचवटा हाताला लागतो, त्याच्याजवळून एक मज्जातंतू कातडीच्या अगदी लगत जातो. तिथं बर्फ करकचून बांधून ठेवला तर पाऊल उचलायची ताकदच काही दिवस जाऊ शकते. मी गुडघ्याला पट्टा बांधताना तो उंचवटा आधी बोटानं शोधते.

आणि पोर चार पावलं टाकू शकत नसेल, किंवा घोट्याच्या हाडावर मागच्या कडेनं बोट दाबल्यावर कळवळत असेल, तर पिशवी बांधा आणि सरळ एक्स-रेला न्या. ही खूण १९९२ साली कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी काढली, आजही सगळीकडं चालते. डिसेंबरच्या पोरीनं चार पावलं टाकली होती, रडत रडत, पण टाकली. म्हणून मी तिला घरी सोडलं. याच वर्षी दुसरी एक टाकू शकली नाही, तिला कळंबला नेलं, बारीक चीर निघाली. तिला पण गाडीत दुधाचीच पिशवी बांधलेली होती.

सध्या माझ्या कप्प्यात दोन दुधाच्या पिशव्या, सहा कागदी कप आणि मटारच्या दोन पिशव्या आहेत. एकीवर मार्करनं मोठ्या अक्षरात ‘पायाचे’ लिहिलंय. सासूबाईंनी परवा विचारलं, ही कुठली नवीन जात गं?